चोरीचं सॉफ्टवेअर आणि मराठी छपाई

मागच्या व्याख्यानात आपण खिळ्यांचा छापखाना बंद पडताना पाहिला. जुळारी घरी बसले, खिळ्यांच्या केसेस भंगारात गेल्या, आणि त्यांच्या जागी एका टेबलावर संगणक, स्कॅनर आणि लेझर प्रिंटर येऊन बसला. तिथेच आपण थांबलो होतो. आज त्याच टेबलापाशी जरा वेळ बसायचं आहे.

त्या टेबलावरच्या संगणकाचे पैसे मालकाने दिलेले होते. प्रिंटरचे दिलेले होते, बँकेचे किंवा पतपेढीचे हप्ते फेडलेले होते. पण संगणकाच्या पोटात जे होतं, म्हणजे पेजमेकर, फोटोशॉप, कोरलड्रॉ, त्याचे पैसे फार थोड्यांनी दिले होते. ही गोष्ट त्या धंद्यातल्या प्रत्येकाला माहीत आहे. मुद्रणाच्या इतिहासात मात्र ती क्वचितच येते. स्मरणिकांमध्ये 'डीटीपी आलं आणि क्रांती झाली' एवढं एक वाक्य असतं. ही क्रांती बऱ्याच अंशी चोरीच्या प्रतींवर उभी राहिली, हे दुसरं वाक्य गाळलेलं असतं.

ते वाक्य आज आपण परत जागेवर ठेवू. पोलिसी सुरात नाही, आणि 'सगळेच करतात' या सुरातही नाही. या चोरीत नक्की कोणाचं नुकसान झालं, हा आमचा प्रश्न आहे. सर्वसाधारण समज असा, की नुकसान अमेरिकेतल्या बड्या कंपनीचं झालं आणि फायदा आपला. आमच्या मते हिशोब जवळजवळ उलटा आहे.

आधी एक लक्षात घेऊ, की अक्षरांची चोरी संगणकाबरोबर आलेली नाही. एकोणिसाव्या शतकात इलेक्ट्रोटाइपची युक्ती निघाली. दुसऱ्याचा खिळा विकत आणायचा, विजेच्या साहाय्याने त्यावर तांब्याचा थर चढवायचा, त्या थरातून मातृका तयार करायची आणि आपल्या नावाने तेच अक्षर ओतायचं. युरोप-अमेरिकेतल्या ओतशाळांमध्ये हे सर्रास चाले. पोलादावर एक एक अक्षर कोरणाऱ्याची कित्येक महिन्यांची मेहनत काही दिवसांत उचलली जाई. आपल्याकडे जावजी दादाजींनी १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना काढला, आणि राणोजी रावजी आरूंसारख्या कारागिराच्या हातून देवनागरीचे जे देखणे साचे घडले, ते देशभर नावाजले गेले. तेव्हाही अक्षर घडवणं महाग आणि अक्षर उचलणं स्वस्त होतं. पण उचलण्यालाही तेव्हा धातू लागे, भट्टी लागे, हात लागत. संगणकाने फरक केला तो इथे. उचलण्याचा खर्च एका फ्लॉपीइतका झाला, पुढे तोही राहिला नाही.

आता १९८५ वर येऊ. त्या वर्षी अ‍ॅल्डस नावाच्या अमेरिकी कंपनीने पेजमेकर बाजारात आणला. अ‍ॅपलचा मॅकिंटॉश, अडोबीची पोस्टस्क्रिप्ट ही भाषा, अ‍ॅपलचाच लेझररायटर प्रिंटर आणि पेजमेकर, या चौघांच्या संगतीतून डेस्कटॉप पब्लिशिंग जन्माला आलं. पेजमेकरची किंमत ४९५ डॉलर, आणि लेझररायटरची तब्बल ६,९९५ डॉलर. म्हणजे अमेरिकेतल्या छोट्या छापखान्याच्या दृष्टीने सॉफ्टवेअर ही यंत्राच्या मानाने किरकोळ बाब होती. हे प्रमाण ध्यानात ठेवा. १९८९ मध्ये कॅनडातून कोरलड्रॉ आलं आणि १९९० मध्ये अडोबीने फोटोशॉप विकायला सुरुवात केली. फोटोशॉप मुळात थॉमस नॉल या मिशिगन विद्यापीठातल्या विद्यार्थ्याने लिहिलं. त्याचा भाऊ जॉन चित्रपटांच्या विशेष दृश्यांचं काम करणाऱ्या कंपनीत होता. दोघा भावांच्या उद्योगातून हे प्रकरण उभं राहिलं.

ही मंडळी महाराष्ट्रात पोचेपर्यंत प्रमाण उलटं झालेलं होतं. लॅमिंग्टन रोडवरून किंवा पुण्याच्या बुधवार पेठेतून सुटे भाग आणून जोडलेला संगणक वर्षागणिक स्वस्त होत गेला. सॉफ्टवेअर मात्र डॉलरमध्येच राहिलं. फोटोशॉपच्या सीएस ६ आवृत्तीची अमेरिकेतली किंमत २०१२ मध्ये ६९९ डॉलर होती, म्हणजे तेव्हाच्या दराने पस्तीस हजार रुपयांच्या वर. त्याच्या जोडीला कोरल, त्याच्या जोडीला पानं लावायचं सॉफ्टवेअर, मग विंडोज. लग्नपत्रिका, हँडबिलं आणि पावती पुस्तकं करणाऱ्या तालुक्याच्या गावातल्या माणसाने हे सगळं रीतसर घ्यायचं, तर यंत्रापेक्षा आतला माल महाग पडत होता. आणि घ्यायचं म्हटलं तरी विकणारा अधिकृत माणूस जिल्ह्यात सापडेलच असं नव्हतं. संगणक जोडून देणाराच विचारायचा, 'काय काय टाकून देऊ?' यातलं 'टाकून देणं' हे क्रियापद आमच्या मते फार बोलकं आहे. विकणं नाही, घेणं नाही. पिशवीत कढीपत्ता टाकून द्यावा तसं फोटोशॉप टाकून देत.

या सवयीला कायद्यात काय नाव होतं? थोडं मागे जावं लागेल. १९७६ च्या फेब्रुवारीत विशीतल्या बिल गेट्सने संगणकाच्या हौशी मंडळींना उद्देशून एक जाहीर पत्र लिहिलं. त्याच्या कंपनीने अल्टेअर या छोट्या संगणकासाठी बेसिक ही भाषा तयार केली होती, ती छिद्रांच्या कागदी फितीवर मिळे, आणि कॅलिफोर्नियातल्या हौशी मंडळात त्या फितीच्या प्रती फुकट वाटल्या गेल्या. गेट्सचं म्हणणं सरळ होतं: यंत्राचे पैसे तुम्ही देता, मग यंत्र चालवणाऱ्या लिखाणाचे का देत नाही? हे पत्र त्या वेळी बऱ्याच जणांना उद्धट वाटलं. पण प्रश्न नेमका होता, आणि तोच प्रश्न आपल्या डीटीपीच्या टेबलालाही लागू पडतो.

भारतात १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात १९८४ साली दुरुस्ती झाली आणि संगणकाचा प्रोग्रॅम 'साहित्यकृती'च्या व्याख्येत आला. म्हणजे कायद्याच्या नजरेत फोटोशॉप ही कादंबरीच्या पंक्तीला बसणारी साहित्यकृती आहे. समीक्षकांनी अजून तिची दखल घेतलेली नाही, तो भाग वेगळा. मग १९९४ च्या दुरुस्तीने कलम ६३-ब आलं, आणि हे कलम आपल्या विषयाच्या दृष्टीने फार महत्त्वाचं. पदपथावरून बनावट छापलेली कादंबरी विकत घेऊन वाचणाऱ्याला शिक्षा करणारं असं स्वतंत्र कलम नाही. गुन्हा छापणाऱ्याचा आणि विकणाऱ्याचा. सॉफ्टवेअरच्या बाबतीत मात्र वापरणाराच गुन्हेगार होतो. प्रत चोरीची आहे हे माहीत असून संगणकावर वापरली, तर कमीत कमी सात दिवस ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड. शिवाय कलम ६४ प्रमाणे उपनिरीक्षक दर्जाचा पोलीस अधिकारी वॉरंटाशिवाय माल जप्त करू शकतो. जप्त काय होणार, तर संगणकच. ऐन लग्नसराईत छापखान्याचा संगणक गेला म्हणजे काय होतं, हे सांगायला नको.

त्याच कलमात एक पोटवाक्य आहे, त्याकडे आपलं लक्ष जात नाही. वापर धंद्यासाठी किंवा नफ्यासाठी नसेल, तर न्यायालय कैद न देता पन्नास हजारांपर्यंतच्या दंडावर सोडू शकतं. म्हणजे घरी बसून शिकणारा मुलगा आणि त्याच प्रतीवर रोज पैसे कमावणारा व्यावसायिक यांच्यात कायदाही फरक करतो. दोघेही दोषी, पण सारखे नाहीत. आम्हाला हा फरक न्याय्य वाटतो. शिकण्यासाठी म्हणून सुरू झालेलं वापरणं दहा वर्षांनी, दोन शाखा निघाल्यावरही 'शिकण्यासाठी'च चालू राहतं, तेव्हा त्या सबबीत काही उरत नाही. दिल्ली उच्च न्यायालयाने २००५ मध्ये, विकायच्या संगणकांवर परवान्याविना सॉफ्टवेअर भरून देणाऱ्या एका विक्रेत्याला वीस लाखांच्या आसपास भरपाई द्यायला लावली. 'टाकून देणं' इतकं महाग पडू शकतं.

इथपर्यंत गोष्ट अमेरिकी कंपनी विरुद्ध आपला गरीब डीटीपीवाला अशी दिसते. मराठीचा प्रश्न मधे आला की ती बदलते.

पेजमेकर आणि कोरल घेतलं, फुकट किंवा विकत, तरी त्यात मराठी कुठे होतं? ते इथल्याच लोकांनी बनवलं. पुण्यात १९८८ मध्ये सी-डॅक स्थापन झालं. आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेलं जिस्ट तंत्रज्ञान तिथे आलं, पुढे 'लीप' आणि 'आयएसएम' आलं. पुण्याच्याच मॉड्युलर इन्फोटेकची 'श्रीलिपी' आली. आज चाळिशीच्या पुढे असलेल्या कोणत्याही मराठी डीटीपी ऑपरेटरला ही नावं पाठ असतील. एका चांगल्या देवनागरी फाँटमागे किती काम असतं याची कल्पना करा. इंग्रजीला बावन्न अक्षरं, अंक आणि विरामचिन्हं. आपल्याकडे स्वर, व्यंजनं, त्यांची अर्धी रूपं, रफार, रकार, उकार कुठे लावायचा, 'द्ध' आणि 'ह्म' कसे जोडायचे. हे सगळं तेव्हा २५६ घरांच्या तक्त्यात कोंबावं लागे. हे काम करणाऱ्या संस्था अडोबीसारख्या नव्हत्या. त्यांचा ग्राहक मुख्यतः एका-दोन राज्यांतला छापखानेवाला होता.

त्यांना माहीत होतं की हा ग्राहक सॉफ्टवेअरची प्रत काढतो. म्हणून त्यांनी कुलूप लावलं. संगणकाच्या मागे प्रिंटरच्या पोर्टला एक लहानशी डबी खोचायची, तिला कोणी डोंगल म्हणे, कोणी नुसतं 'लॉक'. ती नसेल तर मराठी टाइपच होणार नाही. हे जरा थांबून पाहण्यासारखं आहे. मराठी माणसाच्या संगणकात अमेरिकेची सॉफ्टवेअरं बिनकुलपाची, हवी तशी येत-जात होती, आणि कुलूप होतं ते त्याच्या स्वतःच्या लिपीला. डबी हरवली, जळली किंवा सफाईत केरात गेली, तर कंपनीकडे खेटे. आणि काही काळाने कुलपंही फुटली. फोडलेल्या प्रती सीडीवरून आणि पुढे पेन ड्राइव्हवरून गावोगाव गेल्या.

अडोबीला जगभरातून पैसे मिळत होते. महाराष्ट्रातल्या दहा-वीस हजार चोरीच्या प्रतींनी तिच्या ताळेबंदाला ओरखडाही उठत नव्हता. मराठी फाँट करणाऱ्याची बाजारपेठ मात्र महाराष्ट्र एवढीच. तिथली चोरी म्हणजे त्याच्या सगळ्या धंद्यातली चोरी. त्याचा परिणाम अक्षरांवर दिसतो. नव्वदच्या दशकापासून पुढे कित्येक वर्षं मराठी पुस्तकं, पत्रिका, पाट्या आणि फ्लेक्स यांच्यावर तेच ते मोजके टाइप का दिसतात? नवा टाइप करून विकणाऱ्याला तो पहिल्या महिन्यातच फुकट वाटला जाणार हे दिसत होतं. मग कोण करणार? र. कृ. जोशींसारखा मोठा अक्षरकार होता, त्यांनी केलेला 'मंगल' मायक्रोसॉफ्टने विंडोजबरोबर दिला, म्हणून तो घरोघर पोचला. पण तो झाला बड्या कंपनीच्या खर्चाने. केवळ मराठी ग्राहकाच्या पैशावर अक्षरकाराने जगावं, ही वाट फार अरुंद राहिली, आणि ती अरुंद करण्यात चोरीचा वाटा मोठा आहे, असं आम्हाला वाटतं.

दुसरं नुकसान आणखी चमत्कारिक आहे. जुन्या मराठी फाँटमध्ये प्रत्येक कंपनीचा अक्षरांचा तक्ता वेगळा. एकीच्या तक्त्यात जिथे 'क' तिथे दुसरीच्या तक्त्यात काहीतरी भलतंच. फाँट बदलला की मजकुराचा कचरा होतो. यावर उपाय युनिकोड, आणि देवनागरी युनिकोडमध्ये पहिल्यापासून, १९९१ पासून आहे. मग आपल्या छापखान्यांत तो इतका उशिरा का आला? काही दोष अडोबीचा निःसंशय आहे. इनडिझाइनमध्ये भारतीय लिप्या धडपणे जोडण्याची सोय आली ती २०१२ मध्ये. तोवर पैसे भरून घेणाऱ्यालाही युनिकोड मराठी तिथे नीट लावता येत नव्हती. पण २०१२ नंतर काय? पेजमेकरची शेवटची आवृत्ती २००१ ची. ती चोरीची प्रत अनेक ठिकाणी तशीच चालू राहिली. रीतसर ग्राहकाला कंपनी नवी आवृत्ती घ्या म्हणून मागे लागते, तक्रार करायला त्याला जागा असते. चोरीच्या प्रतीचा मालक कोणाकडे तक्रार करणार? 'मराठी अक्षरं तुटतात' हे अडोबीला सांगायला महाराष्ट्रातून नोंदलेले ग्राहक मूठभर. कंपनीच्या वहीत हा बाजार जवळजवळ नव्हताच, मग त्याच्या लिपीसाठी ती घाई कशाला करील? चोरी करून आपण स्वतःलाच गैरहजर मांडलं.

याची किंमत आज मोजतोय. दिवाळी अंक, संस्थांचे अहवाल, गावोगावच्या कवींचे संग्रह यांच्या हजारो फायली जुन्या फाँटमध्ये, जुन्या पेजमेकरमध्ये अडकून आहेत. कागदावरचं पुस्तक शिल्लक आहे, पण त्याची फाईल उघडत नाही, आणि उघडली तर वाचता येत नाही. शंभर वर्षांपूर्वीचा निर्णयसागरचा ग्रंथ आपण हातात घेऊन वाचतो. १९९८ ची फाईल वाचायला मात्र तज्ज्ञ बोलवावा लागतो.

आता धोक्यांकडे वळू. यावर बोलताना लोक हसतात. 'अहो, व्हायरस येतो म्हणून कंपन्याच घाबरवतात.' कंपन्या घाबरवतात हे खरं, आणि व्हायरस येतो हेही खरं. गंमत अशी, की पीसीवर पसरलेला पहिला व्हायरस म्हणून जो ओळखला जातो, त्याचा जन्मच नकलेच्या भांडणातून झाला. १९८६ मध्ये लाहोरच्या बासित आणि अमजद अल्वी या भावांनी 'ब्रेन' लिहिला. त्यांच्या सॉफ्टवेअरची कोणी नक्कल करतं का हे कळावं, असा हेतू त्यांनी सांगितला. व्हायरसमध्ये त्यांनी स्वतःचं नाव, पत्ता, फोन नंबर घातला होता. असा सज्जन व्हायरस पुन्हा झाला नाही. १९८८ मध्ये टाइम साप्ताहिकात आलं, की हेच भाऊ आपल्या दुकानात परदेशी सॉफ्टवेअरच्या स्वस्त नकलाही विकत. एका हाताने विकायचं, दुसऱ्या हाताने शिक्षा करायची. फ्लॉप्यांवरून तो व्हायरस अमेरिकेतल्या विद्यापीठांपर्यंत गेला.

आपल्या धंद्याशी याचा संबंध फार जवळचा आहे. डीटीपी सेंटर म्हणजे परक्यांच्या फ्लॉप्या आणि पेन ड्राइव्ह दिवसभर खुपसले जाण्याची जागा. गावातल्या शाळेची प्रश्नपत्रिका, पतसंस्थेचा अहवाल, उमेदवाराचं पत्रक, सगळं एकाच संगणकातून जाणार. तिथे एक रोग शिरला की तो गावभर जाणार.

पुढे क्रॅकची तऱ्हा बदलली. जानेवारी २००९ मध्ये मॅकवरच्या फोटोशॉप सीएस ४ च्या चोरीच्या प्रतींबरोबर जी क्रॅकची फाईल फिरत होती, तिच्यात ट्रोजन निघाला. यातली खुबी बघा: फोटोशॉप शुद्ध होतं, घाण कुलूप फोडणाऱ्या किल्लीत होती. ती किल्ली चालवताना संगणकाचा मुख्य पासवर्ड मागायची, आणि माणूस तो खुशाल द्यायचा, कारण कुलूप फोडायचं तर एवढं लागणारच. अँटिव्हायरस ओरडला तर 'तो क्रॅकला ओरडतोच, बंद करून ठेवा' ही सूचना प्रतीबरोबरच येते. चोराला दार उघडून द्यायचं आणि कुत्रा आधी बांधून ठेवायचा, असा हा प्रकार.

गेल्या काही वर्षांत 'स्टॉप' नावाच्या खंडणीखोर प्रोग्रॅमने जगभर जो उच्छाद मांडला, तो मुख्यतः अशा क्रॅक आणि कीजेनमधूनच. तो तुमच्या फोटोंना आणि कामाच्या फायलींना कुलूप घालतो आणि ९८० डॉलर मागतो, तीन दिवसांत संपर्क केला तर निम्मे. त्याचं लक्ष्य मोठ्या कंपन्या नाहीत. विद्यार्थी, छायाचित्रकार, एकट्याने काम करणारे डिझाइनर, हेच. लग्नाचे फोटो काढणाऱ्याच्या संगणकावर दुसऱ्यांच्या घरची लग्नं साठवलेली असतात. ती परत काढता येत नाहीत. पैसे वाचवण्याचा निर्णय फोटोग्राफरचा आणि नुकसान त्या वधूवरांचं. आम्ही नैतिकतेचा प्रश्न म्हणतो तो इथे जास्त टोकदार होतो, अडोबीच्या नफ्यापाशी तितका नाही.

कंपन्यांची बाजूही तपासून पाहू, कारण त्या साध्याभोळ्या नव्हत्या. बिझनेस सॉफ्टवेअर अलायन्स ही त्यांची संघटना चोरीचे आकडे देई. तिच्या मते २०११ मध्ये भारतात वापरल्या जाणाऱ्या सॉफ्टवेअरपैकी ६३ टक्के आणि २०१५ मध्ये ५८ टक्के परवान्याविना होतं. टक्केवारी एकवेळ मान्य करू. पण त्यावरून 'एवढ्या अब्जांचं नुकसान' काढताना धरलं जाई, की चोरणारा प्रत्येक जण नाहीतर पूर्ण किंमत देऊन विकत घेणार होता. तालुक्याचा पत्रिकावाला पस्तीस हजारांचं फोटोशॉप घेणार होता? २०१० मध्ये अमेरिकी सरकारच्या लेखापरीक्षण कार्यालयानेही नकली मालाच्या नुकसानीचे असे ढोबळ आकडे सिद्ध करता येत नाहीत, असं नमूद केलं आहे.

आणि बिल गेट्सच, ज्याने १९७६ मध्ये ते पत्र लिहिलं, तो १९९८ मध्ये विद्यार्थ्यांसमोर चीनबद्दल बोलताना काय म्हणाला? आशय असा, की चोरणारच असतील तर आमचं चोरावं. सवय लागेल, पैसे कसे वसूल करायचे ते पुढे पाहू. बावीस वर्षांत तक्रारीचं धोरण झालं.

वसुली आलीच. मे २०१३ मध्ये अडोबीने जाहीर केलं, की यापुढे पेटीतली आवृत्ती नाही, फक्त भाड्याने. दरमहा पैसे भरा, थांबलात की सॉफ्टवेअर बंद. त्यानंतरचे दोन प्रसंग सांगण्यासारखे आहेत. २०१९ मध्ये अमेरिकेच्या निर्बंधांमुळे व्हेनेझुएलातल्या सगळ्या ग्राहकांची खाती बंद करू, असं अडोबीने कळवलं. त्यांनी पैसे भरलेले होते, चोरी केलेली नव्हती. नंतर सरकारी परवानगी मिळाली आणि निर्णय फिरला. दुसरा, जून २०२४ चा. वर्गणी मधेच सोडणाऱ्याकडून घेतला जाणारा आकार नीट न सांगता दडवल्याबद्दल अमेरिकी सरकारने अडोबीवर खटला भरला. तेव्हा प्रामाणिक ग्राहकाला कंपनी नेहमीच सरळ वागवते, असं सांगण्याच्या भानगडीत आम्ही पडणार नाही. पण भाड्याने घेण्याची ही पाळी आपल्यावर आली, ती दुसरं काही शिकलोच नाही म्हणूनही.

आणि इथे तिसरं नुकसान येतं. फुकट आणि कायदेशीर अशी साधनं नव्हती का? होती. बर्कलीच्या दोन विद्यार्थ्यांनी केलेलं गिंप १९९६ पासून आहे. इंकस्केप २००३ पासून. पानं लावायला स्क्रायबस आहे. केंद्र सरकारने २००५ पासून भारतीय भाषांतल्या मोफत फाँटच्या आणि साधनांच्या सीडी वाटल्या. पण ज्या गावात फोटोशॉपची किंमत शून्य, तिथे गिंपची शून्य किंमत कोणाला काय आकर्षक वाटणार? दोन्ही फुकट असतील तर माणूस नाववालंच घेतो. चोरीने अडोबीचा धंदा बुडवला नाही. तिच्या फुकट प्रतिस्पर्ध्याचा एकमेव फायदा तेवढा काढून घेतला.

उलट उदाहरण ब्लेंडरचं. त्रिमित चित्रं आणि अ‍ॅनिमेशन करायचं हे सॉफ्टवेअर. त्याची डच कंपनी २००२ मध्ये बुडाली. टॉन रोझेंडाल या त्याच्या कर्त्याने सावकारांशी बोलून एक रक्कम ठरवली, एक लाख युरो. तेवढे द्या, सॉफ्टवेअर सगळ्यांना खुलं करतो. वापरणाऱ्यांनी सात आठवड्यांत पैसे जमवले. त्याच ब्लेंडरमध्ये केलेल्या 'फ्लो' या लॅटव्हियन चित्रपटाला २०२५ मध्ये अ‍ॅनिमेशनचं ऑस्कर मिळालं. मराठीतही उशिराने का होईना, वाट निघाली. 'एक टाइप' या मुंबईच्या गटाचा 'मुक्त' फाँट खुल्या परवान्यावर आहे, हवा तितका वापरा, छापा, वाटा. अक्षरकाराला पैसे देण्याच्या आणखी रीती असू शकतात, हे यातून दिसतं. त्याचे पैसे कुठूनतरी यावे लागतात, एवढं मात्र खरं.

हिशोबात एक बारीक नोंद राहिली. डिझाइनच्या दराची. 'डिझाइन फुकट, फक्त छपाईचे द्या' अशा पाट्या आपण सगळ्यांनी पाहिल्या आहेत. साधनाला किंमत नाही, म्हणून साधन वापरणाऱ्याच्या कसबालाही नाही, असं ग्राहकाचं गणित आपसूक झालं. आठशे रुपये भाव सांगितला की तो म्हणतो, 'काय लागतं हो, कॉम्प्युटरवर तर करायचंय.' ज्याने फोटोशॉपचे पैसे भरले आहेत तो दर वाढवायला जातो, शेजारी क्रॅकवाला तेच काम निम्म्यात करतो. मग प्रामाणिक माणूस एकतर धंदा सोडतो किंवा क्रॅक टाकून घेतो. आमच्याशी बोलणाऱ्या ऑपरेटर मंडळींनी अडोबीबद्दल तक्रार क्वचित केली. शेजारच्या दुकानाबद्दल केली.

शेवटी एक अवघड जागा. समजा, एका छापखान्याने १९९९ मध्ये मराठी फाँटचं सॉफ्टवेअर रोख पैसे देऊन घेतलं. पावती जपलेली आहे, डबी कपाटात आहे. पण आजच्या संगणकाला प्रिंटरचं ते जुनं पोर्टच नाही, तेव्हा डबी लावायची कुठे? त्याच्याकडे पंचवीस वर्षांच्या फायली आहेत, त्यात एका लेखकाची चार पुस्तकं आहेत, आणि नवी आवृत्ती काढायची आहे. गल्लीतला मुलगा म्हणतो, 'काका, कुलूप फोडलेली प्रत आहे, पाच मिनिटांत टाकून देतो.' कायद्यात रीतसर मालकाला राखीव प्रत ठेवायची मुभा आहे. कुलूप फोडण्याबद्दलचं कलम ६५-अ २०१२ मध्ये आलं, त्यात शिक्षा आहे ती हक्कभंगाच्या हेतूने कुलूप फोडणाऱ्याला. या काकांचा हेतू तो नाही. पण मुलाने आणलेली प्रत कुठून आली, ती कोणी फोडली आणि तिच्यात आणखी काय आहे, हे काकांना माहीत नाही, मुलालाही नाही. पैसे दिलेले आहेत, हक्क त्यांचा आहे, आणि तरी त्यांच्यापुढे किल्ली आहे ती चोराकडचीच. ती लावायची की चारही पुस्तकं पहिल्यापासून युनिकोडमध्ये टाइप करून घ्यायची, हे ते अजून ठरवतायत.